अर्जातला कर्ता

आपल्या घरात पहिल्यांदा जो शिकतो, त्याच्या हातून होणारे पहिले लेखन बहुधा अर्जाचे असते. शेजारची म्हातारी निराधार योजनेचा अर्ज लिहून मागते. चुलत्याला ठाण्यात कागद द्यायचा असतो. कुणाचे रेशनकार्डावरचे नाव चुकलेले, कुणाचा घरकुलाचा हप्ता अडलेला. वस्तीतले दहावीला गेलेले पहिले पोर बघता बघता साऱ्या वस्तीचा कारकून होते. दलित साहित्याच्या चर्चेत कवितेचा विचार झाला, आत्मकथनांचा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु ज्या लेखनावर वस्तीच्या भाकरीचा, जमिनीचा आणि अब्रूचा निकाल लागतो, त्या अर्जाच्या भाषेकडे आपण अभावानेच पाहिले. या लेखात तेवढाच एक विषय घेतला आहे.

प्रारंभी स्वतःचे उदाहरण देतो. २००५ साली मी दहावीत होतो. माझे वडील आणि आजोबा १९९० च्या आधीपासून गायरानाचा एक तुकडा कसत आले होते. ती जमीन नावावर व्हावी म्हणून वडिलांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. ‘साहेबाला नीट लिही, शेत मपलंच हाय म्हणून,’ एवढेच त्यांचे सांगणे. मी रात्रभर जागून दोन पाने लिहिली. दुसऱ्या दिवशी एका कार्यालयातल्या बाबूने तो कागद हाती घेतला आणि लाल शाईने गोल काढायला सुरुवात केली. ‘जमिन’मधला मि, ‘कुटूंब’मधला टू, ‘आनी’मधला नी. सतरा गोल झाले. ‘आधी शुद्ध लिहायला शीक, मग जमीन माग,’ असे म्हणून त्याने कागद परत फेकला. वडील माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांना काय सांगणार?

रात्री सारे गोल दुरुस्त करून मी तोच अर्ज पुन्हा लिहिला आणि तो घेतला गेला. परंतु त्या अर्जातल्या खऱ्या तीन चुकांना लाल शाई लागलीच नव्हती. अर्जावर तारीख नव्हती. आम्ही पोहोच घेतली नव्हती. आणि क्षेत्र मी ‘१.२ हेक्टर’ असे लिहिले होते. चौकशीच्या कागदावर त्याचे ‘१ हेक्टर २ आर’ झाले. आम्ही कसत होतो १ हेक्टर २० आर. जमिनीच्या कागदात टिंबानंतरचे दोन आकडे आर दाखवतात, म्हणून तेथे १.२० असे लिहावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. एका शून्यापायी १८ आर जमीन, म्हणजे जवळपास अठरा गुंठे, कागदावरून नाहीशी झाली. तिच्या दुरुस्तीसाठी हेलपाटे घालण्यात सहा वर्षे गेली.

आज मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्या सतरा गोलांचा आणि त्या एका शून्याचा विचार अजून मनातून जात नाही. माझे म्हणणे त्या दोहोंच्या तुलनेतूनच निघाले आहे. व्यवहाराच्या लेखनात शुद्धता आणि नेमकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला धाक दाखवला जातो शुद्धतेचा, आणि आपण बुडतो ते नेमकेपणाच्या अभावाने.

‘शुद्धलेखन’ हा शब्दच मुळात तपासून पाहावा असा आहे. ज्यांच्या सावलीला, पाण्याला, स्पर्शाला अशुद्ध म्हटले गेले, त्यांच्या लेकरांच्या अक्षरालाही पुन्हा अशुद्धच म्हणायचे, हा योगायोग क्षुल्लक नाही. ‘पानी’ म्हणणारा मुलगा भाषा चुकत नसतो. तो त्याच्या आईची भाषा बोलत असतो. ‘मपलं’, ‘तुपलं’ हे शब्द परभणी-हिंगोलीच्या मातीतले आहेत. ते प्रमाण मराठीत नाहीत म्हणून हिणकस ठरत नाहीत.

ऱ्हस्व-दीर्घाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. मराठी मुलखाचा राज्यकारभार ज्या मोडी लिपीत शतकानुशतके चालला, तिच्यात ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नव्हता. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची पद्धत नव्हती, विरामचिन्हे नव्हती. महसूल, वतने, कर्जरोखे, न्यायनिवाडे सारे असेच लिहिले गेले. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे कारभाराची भाषा उर्दू. आणि उर्दूच्या लिपीतही ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत. म्हणजे ज्या कागदांनी पिढ्यान् पिढ्या जमिनीचे मालक ठरवले, ते कागद आजच्या शुद्धलेखनाच्या तपासणीत नापास झाले असते! तरीही कुणी त्यांना परत फेकले नाही, कारण लिहिणारे हात वेगळे होते.

आज चालतात ते लेखनविषयक नियम साहित्य महामंडळाने तयार केले व शासनाने स्वीकारले. १९६२ साली १४ आणि १९७२ साली आणखी ४, असे हे १८ नियम. मुद्रणात, शिक्षणात एकसारखेपणा यावा, हा त्यांचा हेतू. तो हेतू योग्यच आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे लाचार, हा फरक कुणालाही कळायला हवा. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या आपल्या मुलांनी हे नियम पाठ करावेत, असेच मी वर्गात सांगतो. परंतु नियम ही सोय आहे. ती माणसाची लायकी मोजण्याची फूटपट्टी नव्हे. ‘जमिन’ लिहिल्याने अर्जाचा अर्थ बदलत नाही. ‘१.२’ लिहिल्याने बदलतो. अर्ज तपासताना आधी कोणती चूक पाहायची, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

आपल्या चळवळीचा आरंभही अर्जांतूनच झालेला आहे, याची आठवण नव्या पिढीला नाही. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८९४ साली विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला आणि सरकारी नोकरीच्या खालच्या जागा, पोलीस व लष्कर यांत प्रवेश मागितला. १९२८ च्या मे महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाचे निवेदन ठेवले. त्यात दुःखाचे वर्णन थोडे आणि आकडे पुष्कळ आहेत. कोणत्या वर्गाची लोकसंख्या किती आणि शिक्षणात त्याचा वाटा किती, अशी ती मांडणी आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला दया येवो न येवो, त्याला आकडा खोडता येऊ नये, अशी ही भाषा होय.

एका शब्दावर केवढा निकाल अवलंबून असतो, हे महाडच्या खटल्यातही दिसते. २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर त्याच डिसेंबरात सनातन्यांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असा त्यांचा दावा होता. नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही वहिवाट अनादि असल्याचे वादींनी सिद्ध केलेले नाही. ‘अनादि’ हा शब्द लिहिताना सोपा होता. तो सिद्ध करायची वेळ आली तेव्हा त्यानेच दावा बुडवला. जो शब्द आपण कागदावर लिहितो, तो आपल्याला शाबीत करावा लागतो, हा धडा आपणही घ्यावा.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. वस्तीत लिहिले जाणारे बरेच अर्ज पुढीलप्रमाणे असतात:

‘मायबाप सरकारच्या चरणी विनंती की मी अत्यंत गरीब माणूस असून माझ्यावर फार अन्याय झालेला आहे व बऱ्याच दिवसांपासून मला मजुरी मिळालेली नाही तरी गरिबावर दया करून न्याय द्यावा ही नम्र विनंती.’

हे एकच वाक्य आहे. त्यात भावना खरी आहे, दुःख खरे आहे. पण मजुरी कुणी दिली नाही? किती दिवसांची? किती रुपये? कोणत्या कामाची? या अर्जात कर्ता नाही, संख्या नाही, काळ नाही. कारकुनाला तो बाजूला सारणे अगदी सोपे आहे. आता हेच असे लिहून पाहा:

‘मी रोजगार हमी योजनेच्या अमुक रस्त्याच्या कामावर ३ मार्च ते १५ मार्च या काळात १२ दिवस काम केले. माझा जॉबकार्ड क्रमांक अमुक आहे. हजेरीपटावर माझी हजेरी आहे. आजपर्यंत मला या कामाची मजुरी मिळालेली नाही. ती किती दिवसांत जमा होईल आणि विलंबाची भरपाई किती मिळेल, हे लेखी कळवावे.’

पाच वाक्ये. एका वाक्यात एक गोष्ट. ‘दया’ हा शब्द नाही, आणि तो नसल्याने अर्ज उद्धटही झालेला नाही. मजुरी मागणे ही भीक नव्हे; तेथे ‘चरणी’ कशाला? ‘आपला विश्वासू’ म्हणून सही करावी, ‘आपला आज्ञाधारक’ म्हणून नव्हे. नागरिक कार्यालयाचा आज्ञाधारक नसतो.

शाळेत आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग शिकतो आणि परीक्षेनंतर विसरून जातो. कार्यालय मात्र ते विसरत नाही. ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘प्रकरण वरिष्ठांकडे सादर करण्यात आले आहे’, ‘यथावकाश कळविण्यात येईल’ ही वाक्ये आपण सर्वांनी वाचली आहेत. त्यांत क्रिया आहे, परंतु ती करणारा नाही. कुणी सादर केले? कोणत्या तारखेला? कोणत्या जावक क्रमांकाने? कर्ता लपला की जबाबदारी लपते. म्हणून अशा उत्तराला जबाब देताना एवढेच लिहावे: ‘प्रकरण कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या दिनांकास, कोणत्या जावक क्रमांकाने सादर केले ते कळवावे.’ ‘कोण’ आणि ‘केव्हा’ या दोन प्रश्नांत व्याकरणाचे सारे बळ आहे.

विरामचिन्हांचे तसेच. मराठीत ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणावर आली आणि मेजर कँडीने ती रूढ केली. त्यामुळे ती परकी आणि शोभेची वाटतात. परंतु व्यवहारात ती कुंपणाच्या खुणांसारखी असतात. ‘दोन भावांना गट क्रमांक ११२, ११४ मधील २ हेक्टर’ असे लिहिले, तर प्रत्येकाला दोन की दोघांना मिळून दोन? येथे ‘प्रत्येकी’ किंवा ‘एकूण’ हा शब्द हवाच. गट क्रमांकांमधला स्वल्पविराम राहिला, तर दोन गटांचा एक होतो. टिंबाची गत तर आमच्या घराने भोगलीच आहे. हळदीच्या हिशेबपट्टीतही हेच घडते. ‘१२.५ क्विंटल’ म्हणजे १२ क्विंटल ५० किलो. पण घाईने वाचणारा ते १२ क्विंटल ५ किलो असे वाचू शकतो. वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळद नेणाऱ्या लहान शेतकऱ्याने ‘१२ क्विंटल ५० किलो’ असे शब्दांसह लिहून घ्यावे.

रकमेबाबत जुन्या लोकांनी एक शहाणपणाची पद्धत घालून दिली आहे. आकडा लिहून त्यापुढे आडवी रेघ मारायची आणि तीच रक्कम अक्षरी लिहून शेवटी ‘मात्र’ किंवा ‘फक्त’ लिहायचे. ‘रुपये ५,०००/-, अक्षरी पाच हजार मात्र’. रेघ आणि ‘मात्र’ या दोन खिळ्यांमुळे पुढे कुणाला काही वाढवता येत नाही. धनादेशासारख्या दस्तांबाबत १८८१ चा कायदा असे सांगतो, की आकडा आणि अक्षर यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी. म्हणून ज्याला फक्त आकडे येतात त्याने अक्षरी रक्कम दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये. कागदावर मोकळी जागा उरली असेल तर ती रेघ मारून बंद करावी. कोऱ्या जागेखाली केलेला अंगठा म्हणजे दुसऱ्याच्या हाती दिलेले आपले तोंड होय.

शब्दांची निवड हा सर्वांत अवघड भाग आहे. सालगडी ठरतो गुढीपाडव्याला, ऊसतोडीला जाणारे जोडपे ठरते मुकादमाशी. दोन्हीकडे आधी हातात पडते ती ‘उचल’. हीच रक्कम कागदावर ‘हातउसने घेतले’ म्हणून लिहिली गेली, तर मजूर कर्जदार होतो. ‘मजुरीपोटी आगाऊ रक्कम’ म्हणून लिहिली, तर ती कामातून फिटते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, पण वेठ कागदात शिरते ती अशा एका शब्दाच्या आडून.

गायरानाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. आपली भाषा ‘कसेल त्याची जमीन’ ही. शासनाची भाषा ‘अतिक्रमण’ ही. हा शब्द अपमानाचा आहे. पिढ्यान् पिढ्या भूमिहीन ठेवलेल्या माणसाने पडीक माळ कसला तर तो अतिक्रमक ठरतो. म्हणून आपले कार्यकर्ते हा शब्द अर्जात लिहीत नाहीत, ‘ही आमची वडिलोपार्जित जमीन आहे’ असे लिहितात. आणि तेथेच अर्ज फसतो. कारण २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जातींच्या व इतर दुर्बल भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० रोजी अस्तित्वात असलेली अतिक्रमणे अटींवर नियमानुकूल करण्याचे ठरवले. तेव्हा सिद्ध करायचे ते अतिक्रमणच. त्याचा पुरावा गाव नमुना १-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीत असतो. ‘वडिलोपार्जित’ लिहिणारा स्वतःच्याच पुराव्याला खोटे पाडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गायरानाबाबत शासनाचे धोरण कडक झाले. म्हणून जुन्या कबजाची तारीख आणि जुनी नोंद यांना आज अधिकच मोल आहे. अशा वेळी सभेत आपला शब्द वापरावा आणि अर्जात कायद्याचा शब्द जसाच्या तसा घेऊन त्यापुढे आपला शब्द ठेवावा: ‘शासन निर्णयात अतिक्रमण म्हटलेली ही जमीन आम्ही १९८५ पासून कसत आहोत.’ शत्रूचा शब्द ओळखणे म्हणजे त्याला शरण जाणे नव्हे.

कायद्याचे शब्द बदलताही येतात, हेही खरे. ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’ ही वस्त्यांची नावे सरकारी कागदांवर वर्षानुवर्षे राहिली. ती बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा शासन निर्णय डिसेंबर २०२० मध्ये निघाला. ज्या वस्तीचा पत्ता अजून जातीने लिहिला जातो, त्या वस्तीने ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल मागावी. हाही एक अर्जच.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला आणि अर्जाला धार आली. अर्जदाराने माहिती का हवी हे सांगायचे नसते. उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही. आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लेखी करून देण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनुसार मात्र अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा लागतो. तेव्हा पहिले ऐंशी शब्द गाऱ्हाण्यात घालवून चालत नाही. शिवाय ‘माझे घरकुल का नामंजूर केले?’ असे विचारू नये. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हटले आहे, की माहिती म्हणजे ‘का’चे उत्तर नव्हे. त्याऐवजी ‘माझ्या अर्जावरील निर्णयाची, त्यावरील शेऱ्यांची व मंजूर लाभार्थ्यांच्या यादीची नक्कल द्यावी’ असे लिहावे. ‘का’चे उत्तर त्या नक्कलांतच सापडते.

अत्याचाराच्या फिर्यादीत तर भाषेची कसोटीच लागते. फिर्याद सांगणारा रडत असतो, लिहिणारा आपल्या साच्यात लिहीत असतो. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढे पुरत नाही. नेमका कोणता शब्द उच्चारला, कुणी उच्चारला, कोणत्या जागी, तेथे कोण कोण हजर होते, हे आले पाहिजे. कारण जातीवरून केलेला अपमान लोकांच्या दृष्टीसमोर घडला का, हे न्यायालय पाहते. २०१५ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पोलिसावर बंधन घातले आहे, की तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर ती सही घेण्यापूर्वी वाचून दाखवावी आणि तिची प्रत ताबडतोब द्यावी. आपल्या बाया-माणसांनी हे दोन शब्द तोंडपाठ करावेत: ‘वाचून दाखवा’. वाचून दाखवताना आपला शब्द त्यात नसेल तर सही करू नये.

माझ्या विद्यार्थ्यांत आजही असे अनेक आहेत, की ज्यांना लिहायचे म्हटले की हात थरथरतो. त्यांच्या वहीवर कुणीतरी लाल गोल काढलेले असतात. त्यांना मी म्हणतो, आधी बेधडक लिहा. कर्ता लिहा, तारीख लिहा, आकडा अक्षरी लिहा, हवे ते एका वाक्यात मागा. मग शांतपणे ऱ्हस्व-दीर्घ पाहू. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी वस्तीवर आठवड्यातून एक संध्याकाळ अर्जासाठी द्यावी. तेथे अर्ज लिहून देऊ नये. ज्याचा अर्ज त्याच्याकडून लिहून घ्यावा, आणि ज्याला येत नाही त्याला तो तीनदा वाचून दाखवावा.

आणि शेवटी एक गोष्ट, जी मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवली नाही. अर्जाच्या दोन प्रती असाव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घेऊन ती घरी ठेवावी. वडील गेल्यानंतर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत मला आमच्या दुसऱ्या, दुरुस्तीच्या अर्जाची पोहोच सापडली. त्यांना वाचता येत नव्हते. पण तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, जातीच्या दाखल्यासोबत ठेवला होता. त्यावर १ हेक्टर २० आर असे लिहिलेले आहे. शून्य ठळक आहे. ते मीच दोनदा गिरवले होते.